दुरगावचं दार

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, महाभारत वाचायला घेतलं तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. शेवटच्या पर्वाशी पोचले तेव्हा ७९. मधे दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, घर बदललं. वाचनालयातून भाषांतराचा एकेक खंड आणायचे, जेवणानंतर खिडकीशी बसून वाचायचे, आणि वाचलेल्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. भीष्म पडला तेव्हा नाही, अभिमन्यू गेला तेव्हाही नाही. त्यामुळे एका दुपारी मी चहा घेऊन गेले, तर खंड मांडीवर पालथा, त्यावर चष्मा, आणि अण्णा बाहेर बघत म्हणतायत, "हे काही बरोबर नाही." मला वाटलं, तब्येतीचंच काहीतरी.

"काय बरोबर नाही?"

"तो तिथं बसलाय."

"कोण?"

"दुर्योधन. स्वर्गात. आसनावर."

आपल्या डोक्यातलं महाभारत बहुधा मांडी फुटते तिथे संपतं, फार तर युधिष्ठिराच्या कुत्र्यापाशी. व्यासांचं तिथे संपत नाही. वाटेत बायको पडली, चारही भाऊ पडले, तो एकटा सदेह स्वर्गात पोचला, आणि आत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा दिसलं कोण? सूर्यासारखा झळकत बसलेला दुर्योधन. युधिष्ठिर पाठ फिरवतो. म्हणतो, याच्यासोबत मला कुठलेही लोक नकोत, याच्यापायी पृथ्वी उजाड झाली, याच्यापायी द्रौपदीला भर सभेत वडीलधाऱ्यांपुढे फरफटवलं. माझे भाऊ असतील तिथे मला न्या. नारद हसतो. स्वर्गात वैर उरत नाही म्हणतो. यानं क्षत्रियधर्मानं रणात देह ठेवला, मोठ्या संकटातही हा भ्यायला नाही, म्हणून हे स्थान त्याचं.

"नारदाचं काय जातंय असं म्हणायला," अण्णा म्हणाले. "त्याची कुठं जमीन गेलीय."

हे वाक्य कळायला आमचा बांध माहीत हवा.

आमचं गाव नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर), कर्जत तालुक्यात. पाऊस सह्याद्रीवर सांडून दमतो आणि आमच्याकडे येईपर्यंत त्याच्या हातात काही उरत नाही. तरीही, किंवा म्हणूनच, जमिनीचा जीव फार. अण्णा नोकरीला पुण्याला आले आणि गावच्या वाटणीला लागून शेत होतं त्यांच्या चुलतभावाचं. आम्ही त्यांना बापूकाका म्हणायचो. बापूकाका दर साली नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, बांधात घालायचे. एकच तास. वर्षाला वीतभर. डोळ्यांना कळू नये, आणि दहा वर्षांनी बघावं तर बांध सरकत सरकत आंब्याच्या झाडाच्या पलीकडून अलीकडे आलेला. मोजणी आणली तर मोजणीवाल्यांना चहा बापूकाकांच्या ओट्यावर. शेवटी अण्णांनी दिवाणी दावा लावला. प्रश्न अकरा गुंठ्यांचा होता. बावीस वर्षांत वकिलांना जे गेलं त्यात त्या भागात एकरभर सहज आला असता, हे आई अजूनही हिशेबासकट सांगते.

आजी बापूकाकांना दुर्योधन म्हणायची. रागानं नव्हे हां, बारशाला ठेवलेलं नाव असावं तसं. "दुर्योधन आला का रं बाजारातनं?" पाच गावं मागितली तर सुईच्या अग्रावर मावेल एवढीही माती देणार नाही म्हणणारा तो राजा आजीला हस्तिनापुरात शोधावा लागला नाही. आमच्या परसात उभं राहिलं की तो दिसायचा, खांद्यावर टॉवेल टाकून बांधावर बसलेला.

गंमत अशी की १९८८ मध्ये दूरदर्शनवर महाभारत लागलं, तेव्हा आमच्या आळीत टीव्ही एकच होता. बापूकाकांचा. मे महिन्यात आणि दिवाळीत आम्ही गावी असू, तेव्हा रविवारी सकाळी दुर्योधनाच्याच घरी बसून दुर्योधन पाहायचा. कुणी अडवलं नाही. काकू भाजलेल्या शेंगांची पाटी मधे ठेवायची. केस कोर्टात आणि शेंगा पाटीत. पुढे मांडी फुटण्याचा प्रसंग आला तेव्हा आम्ही पोरं ओरडलो, टाळ्या पिटल्या. बापूकाका मागे खाटेवर होते. म्हणाले, "पण कमरंखाली मारायचं नसतंय. गदेचा नेम हाय तो."

मी तेव्हा त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की चोराच्या उलट्या बोंबा यापेक्षा वेगळ्या काय असणार. बलराम हेच बोलतो, आणि नांगर उचलून भीमाच्या अंगावर धावतो, हे मला खूप वर्षांनी वाचताना कळलं.

आता दुरगाव. कर्जत तालुक्यातच हे गाव आहे आणि तिथे दुर्योधनाचं देऊळ आहे. खाली महादेव, वर दुर्योधन. केरळात कोल्लम जिल्ह्यात पोरुवळी इथलं मलनाड देवस्थानही त्याचंच. तिथे मूर्ती नाही, नुसता ओटा, पुजारी कुरवा समाजाचे, आणि कथा अशी की तहानलेल्या राजाला त्या जातीतल्या एका म्हातारीनं ताडी पाजली, त्यानं शिवाशिव न मानता ती घेतली आणि जमीन दिली. म्हणजे सुईच्या अग्राएवढी माती न देणारा तो हाच, आणि म्हातारीला जमीन देऊन टाकणाराही हाच. मला हे विसंगत वाटत नाही. बांध कोरणारे पुष्कळ लोक दारी आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. त्यांचं वाकडं असतं ते फक्त बरोबरीच्या हिस्सेदाराशी.

पण मलनाडपेक्षा दुरगावची रीत मला जास्त विचारात पाडते. तिथे पावसाळ्यात दुर्योधनाचं दार बंद ठेवतात. ढगांनी त्याला पाहिलं तर ते न बरसता निघून जातात, अशी समजूत. आजी कारण सांगायची: शेवटच्या दिवशी तो डोहात जाऊन लपला, पाण्यानं त्याला बाहेर काढलं, तेव्हापासून पाण्याचं नि त्याचं पटत नाही. व्यासांच्या शल्यपर्वात पाणी त्याला दगा देत नाही. तो द्वैपायन डोहाचं पाणी मायेनं थिजवून आत बसतो, आणि भीमाला मांस पुरवणारे शिकारी त्याचं बोलणं ऐकून पांडवांना चहाडी करतात. पण आजीचं बरोबर धरलं तरी काय बिघडतं? आमच्याकडे सगळ्या वाईटाचं मूळ शेवटी पाण्याशीच जाऊन पोचतं.

मी एकदा चुलतभावाच्या मोटरसायकलवर मागे बसून राशीनच्या देवीला निघाले होते. आषाढ होता आणि आभाळ कोरडं. म्हटलं, दुरगाव करून जाऊ. तो म्हणाला, "आत्ता गेलीस तर दार लावलेलं मिळंल." आणि गाडी तशीच पुढे गेली. दर्शन राहिलं ते राहिलंच.

त्या दुपारनंतर अण्णांचा आणि माझा महिनाभर वाद चालला होता. म्हणजे मी बाजू बदलत होते आणि अण्णा नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ: शिक्षा कमी पडली. एका दिवसात मांडी फुटून मेला. तेरा वर्षं वनवासात नि अज्ञातवासात काढलेल्यांना त्याच्या एका रात्रीचं काय? अश्वत्थाम्याला बघ, म्हणे, तीन हजार वर्षं पू गळत एकटं फिरण्याचा शाप. ज्याच्यासाठी त्यानं ते केलं तो मात्र स्वर्गात. चाकराला जन्मठेप आणि मालक निर्दोष.

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही. मी वनपर्व काढलं.

वनवासाच्या सुरुवातीला द्वैतवनात द्रौपदी आणि युधिष्ठिर यांच्यात क्षमेवरून भांडण होतं. भांडणच म्हणायला हवं, टीकाकार त्याला संवाद म्हणोत. द्रौपदी प्रल्हादानं बळीला सांगितलेलं ऐकवते: सतत तेजही बरं नाही, सतत क्षमाही बरी नाही. आणि मग ती जवळजवळ दंडविधानच मांडते. ज्यानं पूर्वी उपकार केलेत त्याचा मोठा अपराधही सोसावा. अजाणता झालं असेल तर सोडावं. जाणूनबुजून करून वर 'मला कळलं नाही' म्हणणाऱ्याला बारीकशा गुन्ह्यालाही सोडू नये. पहिला अपराध कुणालाही माफ. दुसरा कितीही लहान असो, माफी नाही. मग कौरवांना क्षमा करायची वेळ निघून गेली, असं ती नवऱ्याला सांगते. मोजून बघा: गंगेकाठी भीमाच्या जेवणात विष, हा पहिला. वारणावतातलं लाखेचं घर, हा दुसरा. सभा तर पुढेच होती.

युधिष्ठिराचं उत्तर आपल्याकडे सुविचार म्हणून फळ्यावर लिहितात: क्षमा धर्म, क्षमा यज्ञ, क्षमा वेद. क्षमेवर पृथ्वी टिकलीय. आणि तोच युधिष्ठिर, क्षमेचं एवढं गाणं गायलेला, स्वर्गाच्या दारात म्हणतो, याचं तोंड पाहायचं नाही मला. अण्णांना दुर्योधनाचा राग आला होता. मला मात्र त्या जागी युधिष्ठिर पहिल्यांदा आवडला. तोवर तो मला नेहमी मोजणीच्या नकाशासारखा वाटायचा, सगळं बरोबर आणि कुणाच्याच उपयोगाचं नाही. त्यात एक खोच आहेच. द्रौपदीला सभेत ओढलं याचा संताप करणारा हाच तिला पणाला लावणाराही. स्वतःवरचा राग दुसऱ्याच्या नावावर चढवायची सोय अशा वेळी फार कामी येते.

त्यानं दुर्योधनाला क्षमा केली नव्हती असं मात्र नाही. एकदा केली होती, आणि त्याचं काय झालं ते घोषयात्रेत आहे. पांडवांची दुर्दशा डोळ्यांनी बघावी म्हणून दुर्योधन गुरं मोजायचं निमित्त काढून द्वैतवनात लवाजम्यासह गेला. तिथे चित्रसेन गंधर्वानं त्यालाच बांधलं. भीम खूश, आपलं काम परस्पर झालं. युधिष्ठिरानं भावांना पाठवलं: आपापसात आपण पाच आणि ते शंभर, परक्यापुढे एकशे पाच. दुर्योधन सुटला. युधिष्ठिर त्याला समजुतीचे दोन शब्द बोलला आणि घरी जा म्हणाला.

त्यानंतर दुर्योधन काय करतो? दर्भावर बसतो आणि अन्नपाणी सोडतो. मरायचं ठरवतो. कर्ण, शकुनी समजावतात, दुःशासन पाया पडतो, तरी ऐकत नाही. द्यूतात जिंकून जो हसला, युद्धात सगळे गेले तरी जो गदा घेऊन उठला, तो खरोखर अन्नपाणी सोडून मरायला बसला, आणि ते शत्रूनं सोडून दिलं म्हणून. शेवटी दानवांना त्याला पाताळात नेऊन समजूत घालावी लागली. मी हे अण्णांना वाचून दाखवलं. म्हटलं, शिक्षा कमी पडली म्हणताय ना? सगळ्यात कडक शिक्षा ही होती. गदेपेक्षा कडक.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण सुधारला नाही ना तो."

नाही. उलट पुढे पाच गावंही नाकारली.

मांडी फुटल्यावरचा दुर्योधन हा वेगळाच माणूस आहे, आणि माझी सगळी पंचाईत तिथे होते. भीम त्याच्या डोक्याला डाव्या पायानं लाथ मारतो, युधिष्ठिर त्याला आवरतो. दुर्योधन कोपरांवर रेलून कृष्णाला एकेक हिशेब ऐकवतो: भीष्माला कसं पाडलंत, द्रोणाला कसं, भूरिश्रव्याला, कर्णाला. मी वेद शिकलो, दानं दिली, समुद्रापर्यंत राज्य केलं, शत्रूंच्या डोक्यावर पाय ठेवून जगलो, आता रणात मरतोय; माझ्याहून चांगला शेवट कुणाचा? तुम्ही मागे राहाल, शोक करत. आकाशातून फुलं पडतात. पांडव माना खाली घालतात. ही फुलं व्यासांनी स्वतः टाकलीत, कुण्या दुर्योधनभक्तानं नव्हे.

संस्कृत नाटककार भासाच्या 'ऊरुभंगा'त तर हे आणखी पुढे जातं. टी. गणपतिशास्त्र्यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रमहून भासाची नाटकं छापायला सुरुवात केली, त्यांतलं हे एकांकी. त्यात छोटा दुर्जय रणांगणावर बापाला शोधत येतो आणि सवयीप्रमाणे मांडीवर बसायला जातो. दुर्योधनाला त्याला थांबवावं लागतं. ही तीच मांडी, जी त्यानं सभेत द्रौपदीला उघडी करून दाखवली होती. भास ही आठवण करून देत नाही. ज्याची त्यानं करायची. मग तो पोराला सांगतो, माझी सेवा केलीस तशी पांडवांची कर.

एवढं वाचलं की माझं मन विरघळतं. आणि विरघळलं की मला माझीच भीती वाटते, कारण हल्ली दुर्योधनाची बाजू घेणारे निरोप रोज फोनवर येतात आणि त्यांत हमखास एक वाक्य असतं: द्रौपदी म्हणाली, 'आंधळ्याचा मुलगा आंधळा', म्हणून सगळं घडलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ एवढी वर्षं घालून हस्तलिखितं ताडून जी संशोधित आवृत्ती काढली, तिच्यात ते वाक्य नाही. मयसभेत तो पाण्यात पडला तेव्हा भीम हसला, अर्जुन हसला, जुळे हसले, नोकर हसले. द्रौपदीही बायकांबरोबर हसली, असं दुर्योधन घरी येऊन बापाला सांगतो. एवढ्यावर आपण तिच्या तोंडी ते वाक्य घातलं. दुर्योधनाला माफ करायचं तर कुणावर तरी ढकलायला हवं ना.

बापूकाका २००९ मध्ये गेले. दाव्याचा निकाल लागला नव्हता. अण्णा दहाव्याला गेले, मीही. दहावा भीमेच्या काठी होता. नदीचं नावच तसं, त्याला माझा इलाज नाही. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. अर्धा तास, पाऊण तास. मुलगा हात जोडून म्हणाला, आईला सांभाळतो. नाही. धाकटीचं लग्न करतो. नाही. कावळे बाभळीवर बसून बघत होते. मग हळूहळू एकेकाची मान अण्णांकडे वळली. कुणी काही बोललं नाही. अण्णा उठले, चपला काढल्या, पुढे झाले आणि पिंडाकडे बघत म्हणाले, "बापू, बांधाचं आता मी काही काढत नाही."

कावळा आला.

आई म्हणते, "भूक लागली होती त्याला." अण्णांनी दावा मागे घेतला. पण माफ केलं का, असं मी एकदा विचारलं तर चिडले. "दावा मागं घेतला म्हटलं मी. दुसरं काही म्हटलं का?" आणि त्यानंतर सात-आठ वर्षांनी तोच माणूस खिडकीत बसून दुर्योधनाच्या आसनावर संतापत होता.

वादाचा शेवट असा झाला नाहीच, पण एका जागी तो थांबला. स्वर्गात इंद्र हिशेब समजावतो: ज्याचं पाप जास्त त्याला आधी स्वर्ग आणि मग नरक, पुण्य जास्त त्याला आधी नरक. म्हणून युधिष्ठिराला तो दुर्गंधीचा रस्ता, अंधारातले भावांचे आवाज. याच न्यायानं दुर्योधनाचं आसन मुदतीचं ठरतं. मी हे विजयी मुद्रेनं सांगितलं. अण्णा म्हणाले, "मग त्याला खाली नेलेला दाखवलाय का?" नाही दाखवलेला. व्यासांनी ते दृश्य लिहिलेलं नाही. "झालं तर," अण्णा म्हणाले. "तारीख पडलीय नुसती."

मी पुढचं वाचत राहिले आणि एका ओळीशी अडखळले. नरकाचा देखावा विरल्यावर युधिष्ठिराला स्वर्गात द्रौपदी दिसते, कमळांची माळ घातलेली, तेजस्वी. त्याला एकदम तिला काही विचारावंसं वाटतं. आणि लगेच इंद्र बोलायला लागतो. ही श्री आहे, तुमच्यासाठी मनुष्यलोकात आली होती, वगैरे. युधिष्ठिराला काय विचारायचं होतं ते सांगितलेलं नाही. ती काय म्हणाली असती तेही नाही. दुर्योधनाला सोडावं की नाही, यावर अख्ख्या महाभारतात जिनं कलमवार मत मांडलं, तिचा शेवटचा सवाल-जवाब इंद्रानं मधेच तोडला.

मी ती ओळ अण्णांना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली. "तिला विचारायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले, आणि खंड वाचनालयात परत द्यायला सांगितला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याची मुदत टळली होती, दंड भरावा लागला.

आता अण्णा ८४चे आहेत. बापूकाकांचा मुलगा, मोटरसायकलवाला, आमचंही शेत तोच बघतो. बांध तसाच आहे, आंब्याच्या अलीकडे. फोन दर आठवड्याला होतो, त्यात बांध कधी येत नाही. यंदा जून कोरडा गेला. काल संध्याकाळी पुण्यावर ढग दाटले होते. अण्णांनी गॅलरीत खुर्ची ओढून गावी फोन लावला, स्पीकरवर.

"पडला का?"

"न्हाई अण्णा. येतोय नि जातोय."

अण्णा जरा थांबले. "त्याचं दार लावलंय ना?"

"लावलंय की. मघाच."

"नीट बघून ये," अण्णा म्हणाले. "एखादी फट राहिली असेल."